अंगण वाकडें कीं नाच?

घरच्या मैदानावर यजमान संघ वरचढ ठरावा, हा खेळांच्या जगांतील इतका जुना अनुभव आहे कीं, तो सिद्ध करण्याच्या भरीस आतां कोणी पडत नाहीं. ओळखीची जमीन, ओळखीची हवा, प्रवासाचा शीण नाहीं आणि सभोंवार आपलींच माणसें. मग पाहुण्यांनीं बिचकावें व यजमानांनीं बहरावें यांत नवल तें काय? परंतु भारताच्या फुटबॉल संघाची गोष्ट गेल्या कांहीं वर्षांत उलटी होऊन बसली आहे. महत्त्वाच्या स्पर्धांच्या पात्रता फेऱ्यांत हा संघ दाराशीं आलेला विजय उंबरठ्यावरूनच परत धाडतो.

अगदीं अलीकडचें उदाहरण गोव्यांतील आहे. ता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मडगांवजवळ फातोर्डा येथील नेहरू स्टेडियमवर सिंगापूरशीं सामना झाला. २०१९ व २०२३ अशा लागोपाठ दोन आशियाई चषक स्पर्धांत भारत खेळला होता. २०२७ च्या स्पर्धेंत शिरकाव व्हावयाचा तर हा सामना जिंकणें भाग होतें. छांगटे यांनीं आरंभींच गोल करून आघाडीहि मिळवून दिली. पुढें सिंगापूरच्या एकाच खेळाडूनें दोन गोल केले, भारत १–२ असा हरला आणि आशियाई चषकाचें दार बंद झालें. पांचच दिवसांपूर्वीं हाच संघ सिंगापुरांत खेळला होता. तेथें उत्तरार्धाच्या आरंभींच संदेश झिंगन यांना पंचांनीं बाहेर काढलें, एक गोल अंगावर होता, गडी दहाच उरले. तरीहि रहीम अली यांनीं अगदीं अखेरीस गोल करून बरोबरी साधली. परक्या गांवीं दहा जणांना जें साधलें, तें घरीं अकरा जणांना साधलें नाहीं.

हा एखादा दुर्दैवाचा दिवस म्हणून सोडून द्यावा, तर मागचा हिशेब तसें करूं देत नाहीं. विश्वचषकाच्या २०२३–२४ च्या पात्रता फेरींत भारताचे सहा सामने झाले. तीन घरीं, तीन बाहेर. बाहेर कुवेतला कुवेतमध्यें १–० असें हरविलें, अफगाणिस्तानशीं बरोबरी केली, कतारकडून १–२ अशी हार पत्करली. घरीं कतारकडून ०–३, अफगाणिस्तानकडून १–२ आणि कुवेतशीं गोलशून्य बरोबरी. बाहेर चार गुण, घरीं अवघा एक! त्यांतहि अफगाणिस्तानची कथा मनाला लागते. त्या संघाला बिचाऱ्याला घरच नव्हतें. आपला ‘घरचा’ सामना तो सौदी अरेबियांतील आभा येथें खेळला. तेथें भारतानें बरोबरी केली, आणि कांहीं दिवसांनीं, ता. २६ मार्च २०२४ रोजीं, गुवाहाटींत सुनील छेत्री यांच्या दीडशेव्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत त्यांनींच पेनल्टीवर मिळवून दिलेली आघाडी संघानें घालविली. ज्याला स्वतःचें अंगण नाहीं त्यानें आपल्या अंगणांत येऊन आपणांस हरवावें!

२०१९ मध्यें तरी काय निराळें झालें? गुवाहाटींत ओमानवर एका गोलाची आघाडी शेवटच्या आठ-दहा मिनिटांत गमावली. लगेच पुढच्या सामन्यांत आशियाचा विजेता कतार याला त्याच्याच दोहा शहरांत ०–० असें रोखून धरलें. मग कोलकात्यांत सुमारें साठ हजार प्रेक्षकांसमोर बांगलादेशाशीं खेळतांना हार कशीबशी टळली, तीहि गोव्याचे आदिल खान यांनीं सामना संपतां संपतां गोल केला म्हणून. २०२५ मध्यें हाँगकाँग व ढाका येथेंहि भारत हरला, तेव्हां परमुलुखांत हा संघ अजिंक्य असतो असें माझें म्हणणें नाहीं. घर त्याला साहाय्य करीत नाहीं, एवढेंच म्हणणें आहे.

आतां घराचें साहाय्य म्हणजे नेमकें काय? आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत (जुन्या मंडळींच्या तोंडीं तो अजून नगरच आहे) खेळाची चर्चा म्हणजे बहुधा क्रिकेटची चर्चा. श्रीरामपूरचे झहीर खान आणि संगमनेर तालुक्यांतील अजिंक्य रहाणे यांच्यामुळें तसें होणें स्वाभाविकच आहे. क्रिकेटांत यजमानाला खेळपट्टी आपल्या सोयीची करून घेतां येते; ती सोय कधीं अंगाशीं येते, हेंहि २०२४ च्या ऑक्टोबरांत पुण्यांत दिसलें. न्यूझीलंडच्या सँटनर यांनीं आपल्याच फिरत्या खेळपट्टीवर तेरा बळी घेतले आणि भारताची सलग अठरा घरच्या मालिका जिंकण्याची परंपरा तुटली. फुटबॉलांत ही सोय नाहीं. हिरवळ सगळीकडे हिरवळच. बोलिव्हियासारख्या एखाद्या देशाला निसर्गच साहाय्य करतो. ला पाझ शहर समुद्रसपाटीपासून सुमारें ३,६०० मीटर उंच, तेथें पाहुण्यांना धाप लागते, आणि २००९ मध्यें अर्जेंटिनासारखा संघ तेथें १–६ असा चिरडला गेला. बाकीच्यांचा आधार म्हणजे प्रेक्षक. इंग्लंडांत संशोधकांनीं पंचांना एका सामन्यांतील झटापटी दाखविल्या. कांहींना गर्दीच्या आवाजासह, कांहींना निःशब्द. आवाज ऐकणाऱ्यांनीं यजमानांविरुद्ध सुमारें पंधरा टक्के कमी दोष दिले. करोनाच्या सांथींत, २०२० सालीं, रिकाम्या मैदानांवर सामने झाले तेव्हां जर्मनींत यजमानांचे विजय घटले, तेंहि याच कारणानें असावें.

पण प्रेक्षकांची माया जडण्यास संघानें एका ठिकाणीं राहावें लागतें. आपला राष्ट्रीय संघ दर तीन वर्षांनीं बदली होणाऱ्या मामलेदाराच्या बिऱ्हाडासारखा हिंडतो. २०१९ पासून २०२५ पर्यंत पात्रता फेऱ्यांचे घरचे सामने गुवाहाटी, कोलकाता, भुवनेश्वर, शिलाँग व मडगांव अशा पांच शहरांत झाले. देश मोठा आहे, सर्वांना सामना पाहावयास मिळावा, ही भूमिका उदार खरी. पण त्यामुळें आसामचा दमटपणा किंवा शिलाँगची उंची संघाच्या अंगवळणीं पडण्यापूर्वींच ट्रंका बांधल्या जातात. उलट बिऱ्हाड स्थिर असलें कीं फरक दिसतो. २०२२ च्या जूनमध्यें कोलकात्यांत आठवड्याभरांत तीन सामने झाले; कंबोडिया, अफगाणिस्तान व हाँगकाँग यांना क्रमानें हरवून भारत आशियाई चषकास पात्र ठरला. २०२३ मध्यें बंगळुरांत दक्षिण आशियाई स्पर्धाहि जिंकली.

आपल्या महाराष्ट्रांतील प्रसंगहि विसरण्याजोगा नाहीं. ता. १ जून २०१८ रोजीं अंधेरीच्या मैदानावर भारतानें चिनी तैपेईला ५–० असें हरविलें, तें पाहण्यास अडीच हजारांच्या आसपास माणसें होतीं. दुसऱ्या दिवशीं छेत्री यांनीं चित्रफितींतून लोकांना विनविलें कीं, हवें तर शिव्या द्या, टीका करा, पण मैदानावर या. केनियाविरुद्धचा पुढचा सामना भर पावसांत तुडुंब गर्दीपुढें झाला व भारतानें तो जिंकला. कर्णधारानें आपल्याच देशवासीयांस आमंत्रणाची अक्षत द्यावी लागावी, यावरून हें घर किती घरचें होतें तें दिसतें.

तथापि सारा दोष अंगणावर ढकलणें मला पटत नाहीं. नाचाचा दोष अधिक मोठा आहे. बाहेर खेळतांना भारतीय संघ बचावांत दाटी करून उभा राहतो. चढाई करण्याची जबाबदारी यजमानाची असते. तो पुढें आला कीं त्याच्या पाठीमागें मोकळी जागा पडते, त्या जागेंत एखाद-दुसरी धांव साधली कीं काम झालें. दोह्याची बरोबरी बचावाच्या चिकाटीनेंच मिळाली. घरीं हाच डाव उलटतो. आतां पाहुणा दाटी करतो आणि जिंकण्याची निकड आपणांस असते. दाटी फोडावयाची म्हणजे जलद व अचूक पास हवे, अरुंद जागेंत चेंडू सांभाळणारा मधल्या फळींतील गडी हवा, आणि अर्ध्या संधीचा गोल करणारा आघाडीवीर हवा. यांतील शेवटची उणीव सर्वांत जुनी. आपल्या मोठ्या क्लबांत ती जागा बहुधा परदेशी खेळाडूंकडे जाते, मग देशी तरुणाला ती शिकावयास कोठें मिळणार?

ता. ६ जून २०२४ रोजीं कोलकात्यांत छेत्री यांचा निरोपाचा सामना होता. समोर कुवेत, ज्याला त्याच्या घरीं सात महिन्यांपूर्वीं हरविलें होतें. स्टेडियम भरगच्च होतें, विजय अत्यावश्यक होता, आणि ९४ गोलांचा धनी असलेल्या कर्णधारासह कोणालाहि एक गोल करतां आला नाहीं. त्यांची जागा भरून निघाली नाहीं म्हणून २०२५ च्या मार्चमध्यें, वयाच्या चाळिसाव्या वर्षीं, ते निवृत्तींतून परत आले. शिलाँगला मालदीवविरुद्ध त्यांनीं गोल केलाहि. सहा दिवसांनीं त्याच मैदानावर बांगलादेशाशीं सामना झाला, तो गोलशून्यच सुटला.