विमानातील शीतकाची राखण

कोलकात्यानजीक हुगळीच्या काठी बजबज येथे औष्णिक वीजकेंद्र आहे. यंत्रांची उष्णता वाहून नेण्यास तेथे नदी शेजारीच आहे. विमानाला नदी सोबत नेता येत नाही. हौशी मंडळी स्वतः बांधतात त्या लहान विमानांपैकी अनेकांत केवळ काही लिटर शीतकावर एंजिनाची, पर्यायाने वैमानिकाची, सुरक्षितता अवलंबून असते.

अशी विमाने आपल्याकडेही तयार होतात. मुंबईत कांदिवली येथे इमारतीच्या गच्चीवर अमोल यादव यांनी बांधलेल्या विमानाची २०१७ साली सरकारदरबारी नोंद झाली. अशा उद्योगात कारखानदार, कारागीर आणि पहिला परीक्षक या तिन्ही भूमिका बहुधा एकाच माणसाकडे येतात. कोणते मापक कोठे बसवावे, हेही पुष्कळदा त्यालाच ठरवावे लागते.

घरबांधणीच्या विमानांत रोटॅक्स ९१२ हे ऑस्ट्रियन एंजिन बरेच आढळते. त्याच्या सिलिंडरांचे अंग वाऱ्याने निवते, तर माथे शीतकाने. शीतक म्हणजे बहुधा पाणी व ग्लायकॉल यांचे मिश्रण. समुद्रसपाटीवर पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. ३,००० मीटर उंचीवर ते सुमारे ९० अंशांनाच उकळते. म्हणून शीतक बंदिस्त ठेवून त्यावर दाब राखतात. टोपण सैल झाले, तर दाब नाहीसा होतो आणि एरवी निर्धोक असलेल्या तापमानालाही वाफ होऊ लागते.

तापमापक असता भीती कसली, असे वाचकास वाटेल. परंतु मापक आपल्याला जे स्पर्श करते त्याचेच तापमान सांगतो. नळी फुटून शीतक वाहून गेले, की त्याभोवती उरते हवा किंवा वाफ. ती द्रवाइतकी उष्णता मापकाला पोचवीत नाही. मग धातू भाजत असतानाही काटा खाली उतरू शकतो! यास्तव शीतकाबरोबरच सिलिंडरच्या माथ्याच्या धातूचे तापमानही मोजणे हिताचे असते. शीतकाचा दाब दाखविणारे मापक असल्यास गळतीची सूचना अधिक लवकर मिळते.

तथापि खरी राखण जमिनीवरच सुरू होते. उड्डाणापूर्वी, एंजिन थंड असताना, शीतकाची पातळी पाहावी. नळ्यांच्या सांध्यांवरील वाळलेले डाग शोधावेत. तापलेले टोपण मात्र कदापि उघडू नये. आकाशात काट्याचा नेहमीचा स्वभाव ओळखावा. तो विनाकारण चढला किंवा विनाकारण उतरला, तर दोन्ही इशारेच समजावेत, शक्ती कमी करावी आणि जवळचे धावक्षेत्र गाठावे. काटा खाली आला म्हणून संकट टळले, असे मानणे हीच सर्वांत महाग पडणारी चूक होय.