नोकरभरतीची बुद्धिमत्ता चाचणी आणि वेळेचे गणित

वेण्णा नदीच्या काठी वसलेले मेढा हे जावळी या डोंगराळ तालुक्याचे मुख्यालय असून, या परिसरातील अनेक कुटुंबांनी पिढ्यानपिढ्या मुंबईत गिरणीकामगार किंवा माथाडी म्हणून पोट भरले. त्या काळी काम मिळण्यासाठी अंगमेहनतीची तयारी आणि आधी गेलेल्या गाववाल्याची ओळख पुरेशी असे. आज याच भागातील तरुण पोलीस शिपाई, तलाठी किंवा बँक लिपिक होऊ पाहतो तेव्हा ओळखीच्या जागी एक प्रश्नपत्रिका उभी असते आणि त्या प्रश्नपत्रिकेतील बहुतेक प्रश्न शाळेत शिकलेल्या गणितापेक्षा कठीण नसतात. कठीण असते ती त्यांच्यासाठी दिलेली वेळ. म्हणूनच अशा परीक्षेच्या तयारीत माहिती साठवण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व कोणता प्रश्न सोडवावा आणि कोणता सोडून द्यावा याचा निर्णय झटपट घेण्याच्या सवयीला आहे.

बुद्धिमापनाची, म्हणजे बुद्धीची क्षमता अंकांत मोजण्याची, आधुनिक पद्धत आल्फ्रेड बिने यांनी 1905 मध्ये पॅरिसमध्ये मांडली, तेव्हा तिचा उद्देश विशेष मदतीची गरज असलेली शाळकरी मुले ओळखणे हा होता आणि चाचणी एकेका मुलाला समोर बसवून घेतली जाई. या चाचणीचे मराठी व कन्नड भाषिक मुलांसाठी रूपांतर करण्याचे काम पुढे व्ही. व्ही. कामत यांनी केले. मात्र पहिल्या महायुद्धात, 1917 मध्ये, अमेरिकी सैन्यात मोठ्या संख्येने भरती होणाऱ्या जवानांची एकाच वेळी परीक्षा घेण्याची गरज निर्माण झाली आणि बहुपर्यायी प्रश्न व ठरावीक मिनिटे हा साचा रूढ झाला. भारतात बँकांच्या कर्मचारी निवडीसाठी 1975 मध्ये राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्थेत एक विभाग सुरू झाला व त्यातूनच 1984 मध्ये आयबीपीएस ही मुंबईस्थित स्वतंत्र संस्था उभी राहिली.

वेळेचा हिशेब मांडला म्हणजे या परीक्षांचे स्वरूप स्पष्ट होते. राज्यातील पोलीस शिपाई पदाच्या लेखी परीक्षेत 90 मिनिटांत 100 प्रश्न, म्हणजे प्रत्येक प्रश्नास 54 सेकंद मिळतात. 2023 च्या तलाठी भरतीत 100 प्रश्नांना 2 तास, म्हणजे प्रत्येकी 72 सेकंद होते. आयबीपीएसच्या लिपिक पदाच्या पूर्वपरीक्षेत अंकगणिताचे 35 प्रश्न 20 मिनिटांत सोडवायचे असल्याने एका प्रश्नास जेमतेम 34 सेकंद येतात, शिवाय तेथे प्रत्येक विभागाची वेळ स्वतंत्र असल्यामुळे एका विभागात वाचलेली मिनिटे दुसऱ्यासाठी वापरता येत नाहीत. खासगी कंपन्यांत वापरल्या जाणाऱ्या वंडरलिक या अमेरिकी चाचणीत तर 12 मिनिटांत 50 प्रश्न असतात. सर्व प्रश्न सोडवून होऊ नयेत अशीच अशा चाचण्यांची रचना असते. त्यामुळे काही प्रश्न राहून गेले म्हणून खचून जाण्याचे कारण नाही.

तयारीचा पहिला भाग म्हणजे आकडेमोडीचा वेग. 30 पर्यंतचे वर्ग व पाढे तोंडपाठ असणे, 1/8 म्हणजे साडेबारा टक्के हे क्षणात आठवणे, ताशी किलोमीटरचे सेकंदाला मीटरमध्ये रूपांतर करण्यासाठी 5/18 ने गुणणे, या गोष्टी सरावाने अंगवळणी पडतात. ताशी 54 किलोमीटर वेगाने जाणारी 150 मीटर लांबीची गाडी एक खांब किती वेळात ओलांडेल, असे विचारले असता वेग सेकंदाला 15 मीटर हे ज्याला चटकन दिसते त्याला 10 सेकंद हे उत्तर कागदावर काही न मांडता मिळते. दुसरा भाग तर्काचा असून त्यात अंकमालिका, सांकेतिक भाषा, नातेसंबंध, दिशाज्ञान आणि बैठक व्यवस्था हे प्रकार येतात. 7, 12, 22, 42 या मालिकेत शेजारच्या संख्यांतील फरक 5, 10, 20 असा दुप्पट होत जातो, म्हणून पुढील संख्या 82 ठरते. फरक पाहणे, मग गुणोत्तर पाहणे, मग एकाआड एक संख्या पाहणे असा शोधाचा क्रम ठरलेला असला, तर उमेदवार अंधारात चाचपडत नाही.

यापुढची गोष्ट गुणपद्धतीची. चुकीच्या उत्तरासाठी गुण वजा करण्याच्या नियमाला नकारात्मक गुणपद्धती म्हणतात. पोलीस व तलाठी भरतीच्या परीक्षांत ती नसल्याने प्रश्न कोरा ठेवणे हे निव्वळ नुकसान ठरते आणि शेवटच्या दोन मिनिटांत उरलेल्या सर्व प्रश्नांना काहीतरी पर्याय देणे शहाणपणाचे असते. आयबीपीएसच्या परीक्षेत मात्र पाच पर्यायांपैकी चुकीचा निवडल्यास पाव गुण कापला जातो. तेथे डोळे मिटून उत्तरे दिल्यास पाचांपैकी एक बरोबर येऊन एक गुण मिळतो आणि चार चुकून तोच एक गुण जातो, म्हणजे सरासरीने हाती शून्य राहते. परंतु दोन पर्याय खात्रीने चुकीचे आहेत हे कळले, तर उरलेल्या तिनांतून निवड करणे सरासरीने फायद्याचे असते. म्हणून जाहिरातीतील नियम आधी वाचल्याशिवाय कोणतीही युक्ती निश्चित करू नये.

सराव प्रत्यक्ष परीक्षेसारखाच असावा. पोलीस भरतीची लेखी परीक्षा उत्तरपत्रिकेवर गोल रंगवून द्यायची असल्याने त्यासाठी लागणारा वेळही घड्याळात मोजावा लागतो, तर बँकेच्या परीक्षेत पडद्यावर वाचत कच्चे काम कागदावर करण्याची सवय लागते. प्रत्येक सराव चाचणीनंतर चुका तीन गटांत विभागाव्यात: पद्धतच माहीत नव्हती, पद्धत ठाऊक असून आकडेमोड चुकली, किंवा एका प्रश्नात वाजवीपेक्षा जास्त वेळ गेला, या तिन्हींचे उपाय वेगवेगळे आहेत आणि केवळ एकूण गुण पाहून ते कळत नाहीत. चाचणीच्या स्वरूपाची ओळख झाल्यावर गुण वाढतात, पण ही वाढ मर्यादित असते. त्यापुढची प्रगती पायाभूत गणितातूनच येते.

स्पर्धा किती तीव्र आहे, हे तलाठी भरतीने दाखवून दिले: 2023 मध्ये 4,644 पदांसाठी 10 लाखांहून अधिक अर्ज आले आणि परीक्षा अनेक सत्रांत घ्यावी लागली. सत्रांच्या काठिण्यातील फरक भरून काढण्यासाठी गुणांचे सामान्यीकरण, म्हणजे संख्याशास्त्रीय समायोजन, केले जाते. त्यामुळेच त्या निकालात काहींचे गुण 200 पैकी 200 च्याही वर गेले आणि वाद उद्भवला. ही चाचणी उमेदवाराचा प्रामाणिकपणा, चिकाटी किंवा लोकांशी वागण्याची रीत मोजत नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. तरीही तिच्यासाठी लागणारा पाया महागड्या शिकवणीशिवाय गावातच घालता येतो, कारण शालेय शिष्यवृत्ती परीक्षेत बुद्धिमत्ता चाचणीचे हेच प्रश्नप्रकार येतात आणि तेथेही दीड तासात 75 प्रश्न, म्हणजे प्रत्येकी 72 सेकंद मिळतात. ग्रामीण शाळांनी ही परीक्षा केवळ हुशार मुलांपुरती न ठेवता प्रत्येक विद्यार्थ्याला घड्याळ लावून सोडवायला दिली, तर भरतीची जाहिरात निघेल तेव्हा त्याची निम्मी तयारी आधीच झालेली असेल.