अजगराचा हिवाळी उपवास

पौष महिना लागला की मुठेवरून येणारा गार वारा नारायण पेठेच्या गल्लीबोळांतून शिरू लागतो. पहाटे पारा कधी कधी दहा अंशांच्याही खाली उतरतो. घरोघरी बाजरीची भाकरी, तिळगूळ, गुळाची पोळी यांची रेलचेल असते. थंडीत माणसाची भूक वाढते ना! अजगराची तऱ्हा मात्र नेमकी उलटी. पुणेकरांना अजगर पाहावयाचा असेल, तर शहराच्या दक्षिणेस, कात्रज येथे १९८६ साली स्थापन झालेले सर्पोद्यान आहे. बंदिस्त जागेतील असे अजगर हिवाळ्यात पुष्कळदा समोर ठेवलेल्या भक्ष्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

असे का व्हावे? आपले शरीर अन्नापासून स्वतःची ऊब निर्माण करते. अजगराला ती उन्हाकडून उसनी घ्यावी लागते. तो भक्ष्य चावून खात नाही, सबंध गिळतो. आणि अंग गार असले की त्याचे पाचक रस मंदावतात. अशा वेळी गिळलेला प्राणी पचण्याआधीच पोटात कुजू लागतो. तो ओकून टाकावा लागतो. प्रसंगी अजगराचे प्राणही जातात. राजस्थानातील भरतपूरच्या अरण्यात हिवाळ्यातील दुपारी अजगर बिळांच्या तोंडाशी ऊन खात पडलेले दिसतात. त्यांतील कित्येक बिळे साळिंदरांनी खणलेली असतात!

अमेरिका खंडातील बोआ नावाचे अजगरासारखे सर्प काही देशांत लोक हौसेने पाळतात. (आपल्याकडे भारतीय अजगर घरी बाळगण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे.) तेही थंडीत अन्न नाकारतात. नवखा पालक घाबरतो आणि कळवळून बळेच घास भरवू पाहतो. ही माया सर्पाच्या जिवावर बेतू शकते. जाणता पालक प्रथम पिंजऱ्यातील ऊब तपासतो आणि सर्पाचे वजन करून ते टिपून ठेवतो. वजन टिकून असेल, तर तो स्वस्थ राहतो. ते झपाट्याने घटले किंवा सर्प तोंड उघडून श्वास घेऊ लागला, तर मात्र पशुवैद्याला गाठतो.

हिवाळा हाच अजगरांच्या मीलनाचाही काळ. पुढे मादी अंडी घालते आणि त्यांच्याभोवती वेटोळे घालून बसते. गारवा वाढला की ती आपले स्नायू पुन्हा पुन्हा आखडते व त्यातून ऊब निर्माण करते. एरवी उन्हाकडून ऊब उसनी घेणारा हा जीव अंड्यांसाठी स्वतःच शेगडी होतो! हे काम सुमारे दोन महिने चालते, आणि तेवढ्या अवधीत ती सहसा काहीही खात नाही.