गावशाळा : भिंतींच्या आधी अक्षरे

शाळा बांधायची म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम इमारत उभी राहते. पायाभरणी, पत्रे, फळा आणि देणगीदारांच्या नावांची कोनशिला! परंतु इमारत आहे आणि मुले नाहीत, असेही घडते. ते का घडते हे समजण्यासाठी आम्ही आफ्रिकेतील नामिबिया देशाचे एक उदाहरण वाचकांपुढे ठेवीत आहोत.

नामिबियाच्या ईशान्येस, कलहारी वाळवंटाच्या भागात, न्याए न्याए नावाचा प्रदेश आहे. ज्यांना गोऱ्यांनी 'बुशमन' म्हणून हिणवले त्या सान आदिवासींपैकी जुहोआन्सी लोक तेथे राहतात. शिकार आणि कंदमुळे यांवर त्यांचे जीवन चाले. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीत त्यांची बरीचशी जमीन गेली आणि लोक चुमक्वे या सरकारी ठाण्याभोवती गोळा झाले. १९८० च्या दशकात अनेक कुटुंबे आपल्या मूळ पाणवठ्यांवर परतली. वस्त्या विखुरलेल्या आणि शाळा मात्र दूर चुमक्वेला, असे चित्र तयार झाले.

तेथे वसतिगृह होते, तरी मुले पळून घरी येत. कारणे साधी होती. शिक्षक दुसऱ्या समाजाचे, भाषा परकी. इतर मुले चिडवीत आणि मारीत. जुहोआन्सी आईबाप मुलांवर हात उगारीत नाहीत. त्या मुलांना छडीचा धाक कसा सोसावा? दोष मुलांच्या बुद्धीचा नव्हता, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे.

२१ मार्च १९९० रोजी नामिबिया स्वतंत्र झाला. त्यानंतरच्या काही वर्षांतच मोजक्या वस्त्यांमध्ये गावशाळा सुरू झाल्या. पहिले तीन इयत्तांचे शिक्षण मातृभाषेत, मुले आईबापांजवळ आणि शिकविणारे त्याच समाजातील तरुण, अशी ही योजना होती. पुढे चौथीपासून इंग्रजी.

पण मातृभाषेत शिकवायचे तर ती लिहिता आली पाहिजे. या भाषेत जीभ दातांना किंवा टाळ्याला चिकटवून झटक्याने सोडवत उच्चारायची चार प्रकारची व्यंजने आहेत. हळहळ वाटली की आपण जिभेने 'च्‌ च्‌' करतो, तसाच एक ध्वनी त्यांच्या शब्दांत येतो. आपल्याकडे तो नुसता उद्गार, त्यांच्याकडे ते अक्षर! पॅट्रिक डिकन्स या भाषाशास्त्रज्ञाने या भाषेसाठी सोपी लेखनपद्धती बसविली. १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचा शब्दकोश १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे भिंतींच्या आधी अक्षरे उभी करावी लागली.

आम्ही बँकेत आकडेमोड करणारी माणसे. आमच्या हिशेबाने इमारत हा एकदाचा खर्च आहे, शाळा हा दरमहाचा. शिक्षकाचा पगार, पुस्तके, पाणी आणि मुलांच्या पोटात दुपारी जाणारे अन्न यांवर शाळा चालते. उपाशी मूल फळ्याकडे पाहत नाही. ते आईबरोबर कंदमुळे खणायला जाते. देणग्यांवर हा भार कायम पेलत नाही. २००४ मध्ये या शाळा सरकारच्या शिक्षण खात्याकडे गेल्या, हे म्हणूनच महत्त्वाचे पाऊल होते.

तथापि प्रश्न संपला नाही. तिसरीनंतर पुन्हा चुमक्वेचे वसतिगृह, पुन्हा परकी भाषा. तेथेच बरीच मुले गळतात. पहिली पायरी घराशी बांधली, पण दुसरी फार उंच राहिली.

१३ सप्टेंबर २००७ रोजी संयुक्त राष्ट्रांनी आदिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या १४ व्या कलमात आपल्या भाषेत शिक्षण देणाऱ्या संस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क मान्य झाला आहे. हक्क कागदावर आला. तो वर्गापर्यंत नेणे हे माणसांचे काम आहे.

म्हणून बंधुभगिनींनो आणि विद्यार्थिमित्रांनो, कोणत्याही शाळेसाठी आपण हात पुढे करू तेव्हा खोल्या किती, एवढेच विचारून थांबू नये. शिकविणारा कोण, तो मुलांशी कोणत्या भाषेत बोलतो आणि या वर्गानंतर मूल कोठे जाणार, हेही विचारावे. या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली, तरच तेथे शाळा उभी राहिली असे म्हणता येईल.