प्रतिकृतीतून घडणारा हात

साखरा येथील आमच्या दुकानात गादीच्या वर आजोबांचे एक जुने छायाचित्र आहे. ते आता पुसट होत चालले आहे. ते तैलरंगात उतरवावे, अशी माझ्या पुतणीची इच्छा. परंतु हात तयार नसता थेट आजोबांच्या मुद्रेला स्पर्श करणे तिला धाडसाचे वाटले. म्हणून अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणीची प्रतिकृती तिने आधी हाती घेतली. "नक्कल करून कला येते काय?" असा प्रश्न घरात निघालाच.

उत्तर आपल्या मराठवाड्यातच आहे. १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांसह अजिंठ्यास जाऊन भित्तिचित्रांच्या तैलरंगी प्रतिकृती करीत. त्या विद्यार्थ्यांत पेस्तनजी बोमनजी होते. पुढे व्हॅलेंटाईन प्रिन्सेप या इंग्रज चित्रकाराचे मार्गदर्शन घेऊन ते नामवंत व्यक्तिचित्रकार झाले. अनेक प्रतिकृती १८८५ मध्ये लंडनच्या आगीत जळाल्या. हाताला लाभलेले कसब मात्र उरले. आपल्या पूर्वजांनीही शास्त्रांच्या प्रती लिहून श्रुत जपले, हे विसरू नये.

खरी अडचण आजींनी काढली : "कुंचला कशाचा?" तपास केला, तेव्हा पारंपरिक कुंचले डुकराच्या वा अन्य प्राण्यांच्या केसांचे, 'आयव्हरी ब्लॅक' हा काळा रंग जाळलेल्या हाडांचा आणि जुन्या पद्धतीत कॅनव्हासला कातड्याचा सरस, असे आढळले. हे घरात कसे यावे? सुदैवाने पर्याय मिळाले : कृत्रिम तंतूंचे कुंचले, लोहापासूनचा 'मार्स ब्लॅक' आणि ॲक्रिलिक अस्तराचा कॅनव्हास. तेल तर आपल्या ओळखीचे, जवसाचे!

ते उडून जात नाही. हवेतील प्राणवायू शोषून हळूहळू घट्ट होते. म्हणून खालचे थर कमी तेलाचे, वरचे अधिक तेलाचे ठेवावे लागतात. अन्यथा रंगाला भेगा पडतात. तेलाच्या चिंध्यांचा ढीग मात्र कधीही ठेवू नये, त्या आपोआप पेट घेतात. त्या पाण्यात भिजवून टाकाव्यात.

पद्मपाणीची झुकलेली पापणी तिने चार वेळा पुसली. पाचव्यांदा ती साधली, तेव्हा आजींनी चष्मा लावून चित्र न्याहाळले आणि म्हणाल्या, "आता यांना बसव समोर." आजोबांचे छायाचित्र भिंतीवरून उतरले आहे.