कल्पनेवरही आपला हक्क

धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलवर झुंबड उडते. बाबासाहेबांचे ग्रंथ, चरित्रे, आत्मकथने आपण पिशव्या भरून नेतो. त्यात कथा-कादंबऱ्याही असाव्यात, असे आम्हास वाटते. आपली मुले राजपुत्र-जादूगारांच्या गोष्टी वाचतात. त्यांत आपला नायक कुठे असतो?

आधी अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' (१९५९) द्या. दुष्काळात उपाशी माणसांसाठी धान्य लुटणारा हा मांग वीर कोणत्या राजपुत्राहून कमी आहे? मग बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) हा कथासंग्रह. इंग्रजी वाचणाऱ्यांनी कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिका ऑक्टेव्हिया बटलर यांची 'किंड्रेड' (१९७९) घ्यावी. त्यात १९७६ मधील डेना अचानक गुलामगिरीच्या काळातील मळ्यावर जाऊन पडते आणि चाबूक स्वतःच्या पाठीवर झेलते. बटलर यांना लिहिलेल्या पत्रांचा ग्रंथ दलित लेखिका मिमी मंडल यांनी सहसंपादित केला. त्याला २०१८ साली लोकस पुरस्कार मिळाला.

अद्भुत कथा म्हणजे पळवाट नव्हे. जातीविना समाज अजून कुणी पाहिलेला नाही. तो आधी मनातच उभा करावा लागतो. तेव्हा वाचकहो, यंदा पिशवीत एक कादंबरीही घाला!