यकृद्विकारातील पांडू : मंडूर देण्यापूर्वी
चरकाचार्यांनी रक्तवह स्रोतसाचे मूळ यकृत व प्लीहा सांगितले. पांडू व कामला यांची चिकित्साही एकाच अध्यायात दिली. तरीही निस्तेज रुग्ण दिसताच पुनर्नवा मंडूर लिहिण्याची घाई होते, आमच्याकडूनही झाली आहे. यकृत कठीण झाले की पोर्टल शिरेतील दाब वाढतो, अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरांतून रक्तस्राव होतो, वाढलेली प्लीहा रक्तकण नष्ट करते. मद्यपींत फॉलिक अ‍ॅसिडही उणे पडते. काहींच्या यकृतात तर लोह आधीच साठलेले असते. मंडूर सुरू करण्यापूर्वीच मलाचा वर्ण विचारावा, कारण लोहकल्पांनीही मल काळा होतो व नंतर रक्तस्राव ओळखणे कठीण जाते. डांबरासारखा, चिकट, दुर्गंधी मल असल्यास रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. औषधालयचालकांनीही चिठ्ठीविना मंडूर मागणाऱ्यास हाच प्रश्न विचारावा.